ऐरोलीची गच्ची, मित्रबुरशी आणि उन्हाळा : कामाच्या नोंदी

आधी थोडक्यात. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर ग्रो बॅगमध्ये जास्वंद, वांगी, मिरची, भेंडी, कढीपत्ता असं बरंच काही आहे आणि त्यावर दरवर्षी पिठ्या ढेकूण येतो. थंडीत बिव्हेरिया, म्हणजे कीड मारणारी मित्रबुरशी, फवारलं की काम होतं, होळी झाली की तेच पाकीट, तोच पंप, तीच मात्रा, आणि ढेकूण मजेत. दुकानदाराला विचारलं तर "ताई, उन्हाळ्यात बुरशी चालत नाही". अहो मग मार्चमध्ये विकता कशाला? तर म्हटलं बघूच, बुरशी मरते नेमकी कुठे. दुकानात, पंपात की पानावर.

मी बीएस्सी मायक्रो, नोकरी रबाळ्याला क्वालिटी कंट्रोलमध्ये, त्यामुळे प्लेट ओतणं (चपट्या डबीत बुरशीचं खाद्य ओतून जमवणं) आणि त्यावर उगवलेल्या कॉलनी म्हणजे ठिपके मोजणं हाताला आहे. ज्यांना सवय नाही त्यांनी आधी नुसत्या प्लेट ओतून त्या कोऱ्या राहतात का ते बघा, मग पुढे जा. आणि मास्क लावा, स्पोअरची (म्हणजे बुरशीच्या बारीक बीजांची) अ‍ॅलर्जी होऊ शकते.

८ फेब्रुवारी

सामान जमा केलं. तीन पाकिटं, बिव्हेरिया बॅसियाना, मेटारायझियम अ‍ॅनिसोप्ली आणि व्हर्टिसिलियम लेकॅनी, तिन्ही १.१५ टक्के डब्ल्यूपी म्हणजे टाल्कमधली पावडर, मिळून साधारण ६०० रुपये. प्लॅस्टिकच्या निर्जंतुक पेट्री प्लेट प्रिन्सेस स्ट्रीटवरून, घाऊक घेतल्या तर एक ७-८ रुपयांना पडते. ट्वीन ८०, म्हणजे स्पोअर पाण्यात मिसळायला लागणारं द्रव, त्याची छोटी बाटली तिथूनच. मायक्रोस्कोप सेकंडहँड, साडेचार हजार, हाच मोठा खर्च.

पीडीए म्हणजे प्लेटमध्ये ओतायचं बटाट्याचं खाद्य, त्याची तयार पावडर महाग वाटली म्हणून घरीच केलं. लिटरला २०० ग्रॅम बटाटा उकळून त्याचं पाणी, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज, १५ ग्रॅम अगर. अगरऐवजी किराणा दुकानातलं चायना ग्रास वापरून बघितलं, घट्ट होतं पण गढूळ होतं आणि मायक्रोस्कोपखाली काही दिसत नाही. नुसत्या कॉलनी मोजायच्या तर चालेल, अंकुर मोजायचे तर नाही. निर्जंतुक करायला घरचाच प्रेशर कुकर, शिट्टी व्यवस्थित धरल्यावर मंद गॅसवर अर्धा तास. बॅक्टेरिया आवरायला क्लोरॅम्फेनिकॉल लागतं, ते मैत्रिणीच्या लॅबमधून आणलं, उष्णतेने बिघडत नाही त्यामुळे कुकरमध्येच घालता येतं.

१५ फेब्रुवारी

पाकिटांची मोजणी. लेबलवर ग्रॅमला १० कोटी सीएफयू (कॉलनी करू शकणारे जिवंत कण) लिहिलेलं असतं. हिशोब सोपा आहे, १ ग्रॅम १०० मिलीत, त्यातून शंभरपट पातळ, मग अजून दहापट, त्यातलं ०.१ मिली प्लेटवर पसरलं की शंभरच्या आसपास कॉलनी यायला हव्यात.

मेटारायझियम सत्तरच्या आसपास, चांगलं. बिव्हेरिया चाळीसच्या आसपास, बरं. व्हर्टिसिलियमच्या प्लेटवर औषध घालूनही बॅक्टेरियाच जास्त, चार-पाच पांढऱ्या कॉलनी आणि एक काळी बुरशी जी कोणी मागितली नव्हती. हे पाकीट दुकानाच्या रस्त्याकडच्या लोखंडी रॅकवर होतं, दुपारचं ऊन थेट त्याच्यावर. थंडीतलंच ऊन, पण आधीचा ऑक्टोबरही त्याने तिथेच काढला असणार कारण उत्पादनाची तारीख ऑगस्टची. दुसऱ्या दुकानातून, आतल्या कपाटातलं, नवीन तारखेचं आणलं. त्याच्या प्लेट बऱ्या आल्या.

म्हणजे पहिला धडा फेब्रुवारीतच मिळाला, पाकीट घेताना नुसती एक्स्पायरी नाही, ते कुठल्या रॅकवर होतं तेही बघा.

२१ फेब्रुवारी

गुठळ्या. मेटारायझियमचे स्पोअर पाण्यात भिजतच नाहीत, वर हिरवट साय धरतात. हलवा, ढवळा, काही नाही. भांडी घासायचं लिक्विड एक थेंब घातलं तर भिजले पण अंकुरण कमी आलं, त्यात काय काय असतं कोण जाणे. ट्वीन ८० अगदी थोडं, १०० मिलीत एखादा थेंब, घातलं की मिसळतात. टाल्क खाली बसू द्यायचं, वरचं पाणी घ्यायचं. व्हर्टिसिलियमला हा त्रास नाही, त्याचे स्पोअर मुळात चिकट आणि पाणी धरणारे.

गच्चीवर फवारतानाही हेच होत असणार. पावडर थेट पंपात टाकली की अर्धी वर तरंगते, अर्धी नोझलला अडकते. आता आधी मगमध्ये कालवून, गाळून मग पंपात.

१ मार्च

वॉटर बाथ, म्हणजे स्पोअर ठरावीक तापमानाला तापवून बघायचं पाण्याचं भांडं. विकतचा घ्यायचा तर पाच आकडी रक्कम, म्हणून दिवाळे गावच्या मासळी बाजारातून थर्माकोलचा डबा आणला (फिनेलने धुऊनही बोंबलाचा वास गेला नाही, घरच्यांनी डबा गॅलरीत ठेवायला लावला), त्यात पाणी तापवायचा छोटा रॉड आणि अंडी उबवायच्या मशीनला लावतात तो तापमानाचा कंट्रोलर, अडीचशे रुपयांचा. ४५ डिग्रीवर सेट केला, तिन्हीच्या ट्यूब बुडवल्या, एक तास.

सगळं मेलं. तिन्ही. एकही अंकुर नाही.

आधी आनंद झाला, चला, उत्तर मिळालं. मग शंका आली कारण मेटारायझियम इतकं नाजूक असल्याचं कुठे वाचलं नव्हतं. स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर घालून बघितलं तर कंट्रोलरचा प्रोब एका कोपऱ्यात ४५ दाखवतोय आणि ट्यूब होत्या तिथे रॉडशेजारी ४९-५०. पाणी फिरतच नव्हतं. चार डिग्री म्हणजे किरकोळ वाटतं पण या बुरशीसाठी ४५ आणि ४९ मध्ये जगणं-मरणं आहे. फिश टँकचा हवेचा पंप आणि बुडबुड्याचा दगड टाकला, २०० रुपये, आता डब्यात कुठेही मोजा, अर्ध्या डिग्रीचा फरक. रॉड लावलेल्या पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा, हे सांगायला नको पण सांगते.

९ मार्च

नीट केलेली चाचणी. ४५ डिग्री, अर्धा तास, एक तास, दोन तास, आणि एक न तापवलेली ट्यूब. नंतर प्लेटवर थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली अंकुर मोजायचे, अंकुर स्पोअरच्या रुंदीपेक्षा लांब झाला तर जिवंत धरायचा.

व्हर्टिसिलियम अर्ध्या तासातच जवळजवळ संपलं. बिव्हेरिया अर्धा तास झेलतं, तासाला निम्म्याहून खाली, दोन तासांना शंभरातले जेमतेम पाच-सात. मेटारायझियम तासाभराने बऱ्यापैकी, दोन तासांना तेही पाव. हे माझ्या पाकिटांचं सांगतेय, आयसोलेट (एकाच जातीच्या बुरशीचा वेगळा वाण) बदललं की आकडे बदलतात, एकाच जातीच्या दोन आयसोलेटमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो, त्यामुळे "मेटारायझियम भारी" असा निष्कर्ष काढून दुकानात जाऊ नका.

यात एक गोष्ट अशी जी मला आधी कळली असती तर प्लेटचा एक गठ्ठा वाचला असता. तापलेले स्पोअर उशिरा उगवतात. २४ तासांनी मोजलं तर मेलेले वाटतात, ४८ तासांनी त्यातले बरेच उठून बसलेले. मी २४ ला मोजून प्लेट कुकरमध्ये टाकत होते. सगळं पुन्हा केलं. मात्र गच्चीवर विचार करायचा तर उशिरा उगवणं म्हणजेही नुकसानच, तेवढा वेळ ते उघड्यावर ऊन खात बसणार.

आणि मग कोरडी चाचणी. तीच पावडर, कोरडी, बंद कुपीत, ४५ डिग्री, तेवढाच वेळ. काही झालं नाही! न तापवलेल्या कुपीत आणि हिच्यात फरकच दिसेना. म्हणून तीच कुपी परत रात्रभर ठेवली, तरी बहुतेक जिवंत.

इथे डोक्यात प्रकाश पडला. नुसती उष्णता मारत नाही, ओलं असताना उष्णता मारते. कोरडा स्पोअर झोपलेला असतो, पाणी लागलं की जागा होतो आणि जागा झालेला तापमान सोसत नाही. मग प्रश्न असा की आमच्याकडे बुरशी ओली आणि गरम एकाच वेळी कधी असते.

१४ मार्च

थर्मामीटर घेऊन गच्चीवर. दुपारी अडीच, सावलीत हवा ३५. गच्चीच्या नळाला येणारं पाणी, जे पॅरापेटवरून उन्हातून फिरत आलेल्या पाइपातलं आहे, पहिली बादली ४६. टाकीतलं पाणी ३८. उन्हात भरून ठेवलेला फवारणीचा पंप, हिरवा प्लॅस्टिकचा, तासाभराने ४४.

माळीकाकांना विचारलं तुम्ही औषध कधी कालवता. "तीन वाजता कालवून ठेवतो मॅडम, दोन बिल्डिंगा उरकून येतो, पाचला मारतो. वॉचमन सहाला गच्चीला कुलूप लावतो ना."

म्हणजे बघा, दुकानातून जिवंत आणलेली बुरशी आम्ही ४६ डिग्रीच्या पाण्यात कालवतो, दोन तास ४४ ला ठेवतो आणि मग संध्याकाळच्या गार हवेत, लेबलवर लिहिल्याप्रमाणे, अगदी शास्त्रशुद्ध फवारतो. माझा थर्माकोलचा डबा फुकट मेहनत होती, वॉटर बाथ गच्चीवर आधीच चालू होता.

खात्री करायला पंपातलं पाच वाजताचं पाणी प्लेटवर टाकलं आणि शेजारी घरच्या माठातल्या पाण्यात ताजं कालवलेलं. पंपातलं बिव्हेरिया दहातलं एखादं जिवंत.

१७ मार्च

साधा बदल. पाणी सकाळीच बादलीत भरून जिन्याच्या सावलीत, कालवायचं साडेपाचला, पंप भरला की लगेच मारायचं. वॉचमनला विनंती केली की कुलूप सातला लाव. तो म्हणाला सेक्रेटरी साहेबांना सांगा. सेक्रेटरी म्हणाले मीटिंगमध्ये ठेवू.

२६ मार्च

ढेकूण थोडा कमी, पण थंडीसारखा नाही. म्हणजे पानावरही काहीतरी होतंय. ऊन म्हणजे दोन गोष्टी, उष्णता आणि अतिनील किरण, त्या वेगळ्या करायच्या होत्या. काचपट्ट्यांवर स्पोअरचा पातळ थर वाळवला. एक उघडी, एक घरातल्या खिडकीच्या काचेखाली, एक अ‍ॅल्युमिनियम फॉइलखाली, सगळ्या एकाच लाकडी फळीवर, अकरा ते दोन.

उघड्या काचेवरचे गेले, मोजण्यासारखं उरलं नाही. खिडकीच्या काचेखाली बरेच वाचले, साधी काच अतिनीलमधला सगळ्यात वाईट भाग, म्हणजे यूव्ही-बी, अडवते. फॉइलखाली सगळ्यात जास्त जिवंत. फळी तिघांना सारखीच तापली होती, ४८ पर्यंत गेली होती, पण थर कोरडा होता. म्हणजे पानाच्या वरच्या बाजूला मारलेलं औषध उष्णतेने नाही तर उजेडाने जातं, आणि आपण सगळं खापर उष्णतेवर फोडतो. पानाखाली मारा, ढेकूणही तिथेच असतो.

३ एप्रिल

वेळेचं गणित. अंकुर फुटायला २५ ते २८ डिग्रीला साधारण १६ ते २४ तास. अंकुर किड्याच्या कातडीतून आत जाईपर्यंत अजून तेवढाच वेळ धरा. साडेपाचला मारलं तर रात्र छान, नवी मुंबईत एप्रिलच्या रात्री हवा दमट असते, खाडीची कृपा, ज्या घामाने आपण वैतागतो तोच बुरशीला हवा. पण दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता स्पोअर नेमका अर्धवट उगवलेला असतो, ओला, नाजूक, झोपलेल्या स्पोअरपेक्षा कितीतरी कमी ताकदीचा, आणि तेव्हा गच्ची पेटलेली.

उपाय, फवारणीनंतर दोन दिवस ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट. बांबूवर टाकली, १,१०० रुपये. संध्याकाळी लादीवर पाणी. नेटखाली दुपारी पानाजवळ चार-पाच डिग्री कमी मिळते.

८ एप्रिल

आता हावरटपणा. म्हटलं उष्णता सोसणारीच बुरशी शोधली तर? इथल्याच मातीत, इथल्याच उन्हात राहणारी कोणीतरी असेल. पद्धत जुनी आहे, मातीत अळ्या सोडायच्या, ज्या बुरशीने मरतील ती बुरशी गोळा करायची. मेणपतंगाच्या अळ्या वापरतात, माझ्याकडे मधमाशीवाला ओळखीचा नाही, पण जुन्या तांदळात जाळी करणाऱ्या अळ्या होत्या. तांदूळ आईने फेकायला काढलेला, वेळेत वाचवला. सोसायटीच्या आंब्याखालची ओलसर माती डब्यात घेतली, अळ्या सोडल्या, डबा रोज उलटा करायचा म्हणजे अळ्या मातीतून फिरतात.

१९ एप्रिल

काही अळ्या कडक होऊन मेल्या. ओल्या टिश्यूवर ठेवल्या, तीन-चार दिवसांत एकीवर पांढरी, दोघींवर हिरवी बुरशी. हिरवी बघून मी उड्या मारल्या, मेटारायझियम आधी पांढरं मग हिरवं होतं. त्या प्लेटवर घेतल्या आणि एक संच नेहमीच्या २८ ला, एक ३७ ला, एक ४२ ला.

२३ एप्रिल

हिरव्यातली एक ४२ डिग्रीला झकास वाढली. तीन दिवसांत प्लेट भरली, पिवळट हिरवी.

इतकी झकास की भीती वाटली. या मित्रबुरशा २५ ते ३० ला खूश असतात, ३५ च्या पुढे बहुतेकांची वाढ थांबते, मेटारायझियमचे काही आयसोलेट ३७ ला कसेबसे वाढतात. ४२ ला प्लेट भरणारी बुरशी त्यांच्यातली नव्हे. काच तयार केली, मायक्रोस्कोपखाली गोल डोकं, त्यातून चहूबाजूंना निघालेले गोल स्पोअर. मेटारायझियमचे स्पोअर लांबट असतात, तांदळाच्या दाण्यासारखे, आणि रांगेत चिकटलेले. हे अ‍ॅस्परजिलस, रंगावरून बहुतेक फ्लेव्हस, शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन करणारं तेच. तेही अळ्या मारतं आणि त्याला उष्णता आवडते.

हे नीट लिहितेय कारण कोणीतरी हेच करणार आहे. "उन्हात टिकेल ती ठेवायची" असं गाळत गेलात तर गाळून हातात अ‍ॅस्परजिलस येतं, आणि तुम्ही ते भाजीवर फवारणार. प्लेट न उघडता टेप लावून कुकरमध्ये पाऊण तास, नंतर फेकल्या. डबा, माती, सगळं गेलं. दुसरी हिरवी ३७ ला फक्त जेमतेम पसरली, ४२ ला नाही, स्पोअर लांबट. ती मैत्रिणीच्या लॅबला दिली, ओळख पटेपर्यंत गच्चीवर नेणार नाही.

२५ एप्रिल

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठलं. "अगं, तू वर बुरशी मारतेस म्हणे, आम्ही वर पापड वाळवतो. माणसाला नाही ना होणार काही?" सांगितलं की काकू, आपलं अंग ३७ डिग्री असतं आणि या बुरशीला तेवढ्यातच घाम फुटतो, माणसाला ती सहसा लागत नाही त्यामागे हे एक मोठं कारण आहे. तरी फवारणीच्या दिवशी पापड खाली ठेवा. काकू म्हणाल्या "मग तू तिला अजून उष्णता सोसायला कशाला शिकवतेस?"

यावर उत्तर नव्हतं. खरंच नव्हतं. परवाच्या प्लेटनंतर तर नाहीच.

उष्णता सोसण्यावरून टोळांचं मात्र एक आठवलं. २०२० च्या मे महिन्यात विदर्भात टोळधाड आली होती तेव्हा ही बुरशी चर्चेत होती. आफ्रिकेत टोळांसाठी मेटारायझियम अ‍ॅक्रिडम तेलात मिसळून वापरतात, ते उष्णतेला जातीनेच चिवट. पण टोळ त्याहून हुशार, बुरशी लागली की मुद्दाम उन्हात बसून अंग ४० च्या आसपास तापवतात आणि बुरशीला थोपवून धरतात. आपला पिठ्या असलं काही करत नाही, नुसता चिकटून बसतो.

१० मे

स्वतःची बुरशी तांदळावर वाढवणं. पाकिटातल्या चांगल्या मेटारायझियमची एक कॉलनी घेऊन. (घरच्या वापरापुरतं. विकायचं असेल तर कीटकनाशक कायदा १९६८ खाली नोंदणी लागते, कोणी "ताई एक किलो द्या" म्हणालं तर नाही म्हणा.) कणी अर्धवट शिजवून पिशवीत, कुकर, थंड झाल्यावर बी टाकायचं.

पहिल्या पिशव्या एक-एक किलोच्या केल्या. कडेला हिरवंगार, फोडल्यावर मधे पांढरट, आंबूस, ओलं. खोली ३१, पिशवीच्या पोटात थर्मामीटर खुपसला तर ३८. बुरशी वाढताना स्वतःच उष्णता सोडते आणि जाड पिशवीत ती बाहेर पडत नाही. म्हणजे ती स्वतःच्याच उष्णतेने अडली, बाहेरच्या उन्हाचा संबंधही नाही. तांदूळ, गॅस, दोन आठवडे गेले. आता पाव किलोच्या पिशव्या, आडव्या, दोन बोटं जाडीचा थर, खाली जाळी. त्यात एका रात्री लाईट गेली, खोली ३४, तरी पातळ पिशव्या तगल्या.

२४ मे

वाचलं होतं की उपाशी ठेवून वाढवलेल्या बुरशीचे स्पोअर उष्णता जास्त सोसतात, त्यांच्यात ट्रेहॅलोज आणि मॅनिटॉल (साखरेसारखे पदार्थ) साठतं. म्हणून एक प्लेट साखर-बटाटा नसलेली, नुसते क्षार आणि अगर. स्पोअर फारच कमी, अख्ख्या प्लेटवर पातळ हिरवी झाक. पण ४५ डिग्री दोन तासांना खरोखर जास्त जगले, तांदळावरच्या साधारण दुप्पट. खरं आहे, पण गच्चीला पुरेल एवढं करायला अशा प्लेटचा ढीग लागेल. सोडून दिलं.

१२ जून

पाऊस आला. तांदळावरचे स्पोअर चाळून, निळ्या सिलिका जेलसोबत बंद डब्यात कडक वाळवून फ्रिजमध्ये ठेवले होते, तीन आठवडे. आज काढले, फ्रिजमधल्याच गार पाण्यात कालवले (म्हटलं आता गरम पाण्याची चूक नको), प्लेट केली. अंकुरण निम्मं.

डोकं फिरलं. मेले असतील तर कशाने, ना ऊन ना ओल. मैत्रिणीने सांगितलं, खूप कोरडा स्पोअर एकदम गार पाण्यात टाकला की त्याचं आवरण पाणी शोषताना फाटतं. आधी ओलसर हवेत ठेवायचं. डब्यात ओलं फडकं, वर उघड्या वाटीत पावडर, रात्रभर, फडक्याला न लागता. त्याच डब्यातल्या पावडरीचं अंकुरण दुसऱ्या दिवशी पुन्हा ८० च्या वर. कोमट पाण्यात, ३३ च्या आसपास, थेट टाकूनही बघितलं, तेही चाललं. मार्चपासून मी सगळ्यांना पाणी गार घ्या सांगत सुटलेय, तर घरी कडक वाळवलेल्या स्पोअरला ते लागू नाही. दुकानातल्या टाल्कच्या पाकिटाला माठाचं पाणी ठीक, त्यात ८ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, ते इतकं सुकलेलं नसतं.

२८ जून

उघडीप बघून फवारणी. आठवड्याने जास्वंदीवरचे मेलेले ढेकूण वेचून ओल्या टिश्यूवर ठेवले. बऱ्याच जणांवर पांढरं येऊन हिरवं झालं. हे नक्की करा, ढेकूण मेला म्हणजे बुरशीनेच मेला असं नाही, अंगावर बुरशी उगवली तरच ती मोजायची. भेंडीवर मात्र काही नाही, कारण दुसऱ्याच दिवशी शेजारच्या विंगमधल्या काकांनी आपल्या कुंड्यांवर कार्बेन्डाझिम मारलं आणि वाऱ्याने निम्मं आमच्याकडे. बुरशीनाशक आणि मित्रबुरशी एका आठवड्यात एका गच्चीवर नको, हे आता नोटीस बोर्डावर लावलंय.

१५ जुलै

खर्च. मायक्रोस्कोप धरून साडेनऊ हजारांच्या आत, त्यातले फुकट गेलेले तांदूळ आणि प्लेट मिळून हजार-बाराशे. मायक्रोस्कोप नसेल तरी चालेल, थर्मामीटर मात्र घ्याच, ३०० रुपयांचा, कारण पंपातलं पाणी ४४ आहे हे त्याच्याशिवाय कळलं नसतं.

कुलपाचं शेवटी मीटिंगमध्ये पास झालं. माळीकाकांना गच्चीची वेगळी चावी, रात्री आठपर्यंत, अट एकच की रजिस्टरमध्ये वेळ आणि कारण लिहायचं. ते कारणाच्या रकान्यात "बुरशी" लिहितात. गेल्या आठवड्यात सेक्रेटरी घाईघाईने वर आले, वॉटरप्रूफिंगवाल्याला घेऊन.

ऑक्टोबर हीटमध्ये बिव्हेरिया आणि मेटारायझियम शेडनेटखाली शेजारी-शेजारी लावून बघायचंय. पाकिटं सप्टेंबरच्या शेवटी घेणार, आतल्या कपाटातली.